पकडीतून सुटलेला हात

रग्बी लीगमध्ये फॉरवर्डचं काम हमालीचं. चेंडू छातीशी कवटाळायचा, समोरच्या तीन-चार धिप्पाड गड्यांवर खांदा घालून धडकायचं, पाच-दहा पावलांची जमीन कमवायची, आपटून घ्यायचं, उठायचं आणि पुन्हा रांगेत जाऊन उभं राहायचं. ऐंशी मिनिटं हेच. टाळ्या बहुतेक वेळा मागून वाऱ्यासारख्या येणाऱ्या चपळ खेळाडूंना मिळतात. फॉरवर्डच्या वाट्याला सुजलेले कान आणि निखळलेली बोटं येतात.

आर्थर बीटसन याच जमातीतला. वजन शंभर किलोंच्या पुढे, खांदे दाराच्या चौकटीएवढे. पण लोक त्याची आठवण काढतात ती त्याच्या हातांसाठी. कबड्डीत चढाईला गेलेला गडी पकडीत सापडला की सारं अंग अडकलेलं असताना मध्यरेषेकडे एक हात लांबवतो, तसा बीटसनचा हात तीन जणांच्या मिठीतून बाहेर यायचा. त्या हातात चेंडू असायचा. अंग जमिनीला लागण्याच्या आधीच्या अर्ध्या क्षणात तो चेंडू मागून धावत येणाऱ्या साथीदाराच्या ओंजळीत अलगद पडायचा. त्याला रोखण्यासाठी तीन जण गुंतलेले, म्हणजे समोरच्या भिंतीला तिथेच भगदाड. या कौशल्याला ऑफलोड म्हणतात. आज प्रत्येक संघात ते घोटून घेतलं जातं. बीटसनच्या उमेदीच्या काळात मात्र फॉरवर्डने असलं काही करणं अनेक प्रशिक्षकांना उधळेपणाचं वाटायचं.

हा खेळच कष्टकऱ्यांचा. उत्तर इंग्लंडातल्या खाणी आणि गिरण्यांमधले कामगार शनिवारी रग्बी खेळायचे. खेळासाठी पाळी बुडाली की पगार कापला जायचा. बुडालेल्या मजुरीची भरपाई क्लबने द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. लंडनकडच्या सधन मंडळींना त्यात खेळाचा बाजार दिसला. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे त्यांनी खेळाडू पंधराचे तेरा केले, नियम बदलले आणि रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ झाला. १९०७ मध्ये सिडनीत त्याच वादाची पुनरावृत्ती झाली. दुखापत झालेल्या खेळाडूला कामावर जाता येईना, संघटना भरपाई देईना. लोक फुटले आणि १९०८ पासून सिडनीच्या मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या क्लबांची स्पर्धा सुरू झाली. बालमेन हा गोदी कामगारांच्या वस्तीचा संघ आणि ईस्टर्न सबर्ब्ज, हे दोघेही पहिल्याच वर्षापासून त्या स्पर्धेत होते. बीटसनच्या आयुष्यात हे दोन्ही संघ येणार होते.

त्याचा जन्म २२ जानेवारी १९४५ चा, क्वीन्सलंडमधल्या रोमा गावचा. ब्रिस्बेनपासून पश्चिमेला आत, गुरांच्या आणि मेंढ्यांच्या मुलखातलं हे गाव. त्याची आई ऑस्ट्रेलियाच्या मूळच्या आदिवासी समाजातली. लहानपणी घरच्या माणसांपासून तोडून तिला शेरबर्गच्या सरकारी वसाहतीत नेलं होतं. क्वीन्सलंडने १८९७ मध्ये आदिवासींच्या ‘संरक्षणाचा’ कायदा केला. त्या कायद्यामुळे आदिवासींनी राहायचं कुठे, काम कुणाकडे, लग्न कुणाशी, हे सगळं सरकारी अधिकाऱ्याच्या परवानगीवर आलं. मजुरीचे पैसेही सरकारी खात्यात जमा व्हायचे आणि हातात पडायचेच असं नाही. त्या काळात घराघरांतून उचलून नेलेल्या मुलांच्या पिढ्यांना आता ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात. बीटसनच्या कारकिर्दीची गोष्ट सांगताना लोक आईचा हा भाग एका वाक्यात उरकतात. मला ते पटत नाही. पुढे कप्तानपदाचा जो टप्पा येतो त्याचं वजन या वसाहतीची आठवण ठेवल्याशिवाय कळत नाही.

रोमाचा हा आडदांड पोरगा १९६४ मध्ये ब्रिस्बेनच्या उत्तरेला समुद्रकाठी असलेल्या रेडक्लिफ क्लबात आला. पुढच्याच वर्षी रेडक्लिफने ब्रिस्बेनची स्पर्धा जिंकली. १९६६ मध्ये तो सिडनीला बालमेनकडे गेला. त्या काळी क्वीन्सलंडमधल्या चांगल्या खेळाडूचा हा ठरलेला रस्ता होता आणि त्यामागे पैशाचं साधं गणित होतं. न्यू साउथ वेल्स सरकारने १९५६ मध्ये क्लबांच्या आवारात पोकर मशीन, म्हणजे नाणी टाकून जुगार खेळायची यंत्रं, कायदेशीर केली. क्वीन्सलंडमध्ये ती नव्हती. त्या यंत्रांतल्या नाण्यांवर सिडनीचे क्लब गब्बर झाले आणि उत्तरेकडची तरणीताठी पोरं एकेक करून दक्षिणेला विकत जाऊ लागली. बीटसन त्यांतलाच एक. पहिल्याच मोसमात बालमेन अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. समोर सेंट जॉर्ज होता, आणि २३–४ असा विजय मिळवून सेंट जॉर्जने सलग अकरावं विजेतेपद नेलं. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनविरुद्ध बीटसनला ऑस्ट्रेलियाची जर्सी मिळाली.

सेंट जॉर्जची ती मक्तेदारी संपली आणि खेळही बदलला. तोवर संघाला कितीही वेळा पकडलं तरी चेंडू त्याच्याकडेच राहायचा. खाली पडलेला गडी उठायचा, चेंडू पायाने मागे सरकवायचा आणि चक्र पुन्हा सुरू. ताकदवान फॉरवर्ड असलेला संघ तासभर चेंडू सोडायचाच नाही. १९६७ पासून चार पकडींची मर्यादा आली आणि ऑस्ट्रेलियात १९७१ मध्ये ती सहा झाली. प्रत्येक पकड आता खर्चाची बाब झाली. पकड पूर्ण होण्याआधी चेंडू सोडवता आला, तर मोजणी पुढे न सरकता चढाई चालूच राहायची. बीटसनच्या हातांची किंमत या नियमाने वाढवली. तो योग्य वेळी जन्माला आला असं म्हणतात, पण वेळ आल्यावर कामी येईल असं कसब त्याने आधीच कमावलेलं होतं, हे त्यात निसटतं.

तरी बालमेनच्या वर्षांत त्याला नाव मिळालं ते ‘हाफ-अ-गेम आर्टी’. पहिला अर्धा तास अफाट खेळतो, मग दमतो, चालायला लागतो, अशी टीका व्हायची. खाण्याची त्याला दांडगी हौस होती, त्यामुळे मीट पायवरूनही टोपणनाव पडलं. टीका अगदीच खोटी नव्हती. पण एवढा देह घेऊन तो मैदानभर जे करायचा ते इतर फॉरवर्ड करतच नव्हते, हेही टीकाकारांनी मोजायला हवं होतं. आदिवासी खेळाडू म्हटला की ‘उपजत गुण आहेत, पण आळशी’ हा शिक्का गोऱ्या पत्रकारितेत तेव्हा तयारच असायचा, आणि बीटसनवरच्या टीकेत मला त्या शिक्क्याची शाई दिसते. १९६८ मध्ये तो इंग्लंडात हल किंग्स्टन रोव्हर्सकडून खेळायला गेला आणि तिथे पाय मोडून घेतला. १९६९ मध्ये बालमेनने साउथ सिडनीसारख्या बलाढ्य संघाला अंतिम सामन्यात ११–२ असं हरवलं. तो सामना सिडनीतल्या क्लबांच्या इतिहासात अजून गाजतो, पण बीटसन त्यात नव्हता. आधीच्या सामन्यात पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढलं होतं आणि त्याच्यावर बंदी होती. चार वर्षं त्या जर्सीत घाम गाळून विजेतेपदाच्या दिवशी तो बाहेर बसला.

१९७१ मध्ये तो ईस्टर्न सबर्ब्जकडे, म्हणजे ईस्ट्सकडे, गेला. १९७२ मध्ये हा संघ अंतिम सामन्यात मॅनलीकडून हरला. १९७४ मध्ये जॅक गिबसन प्रशिक्षक म्हणून परतला आणि बीटसनच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दोन वर्षं सुरू झाली.

गिबसन हा कमी बोलणारा, उंचापुरा माणूस. स्वतः ईस्ट्सचाच जुना प्रॉप फॉरवर्ड, म्हणजे ही हमाली त्याने अंगावर घेतलेली. १९६६ मध्ये एकही सामना न जिंकलेल्या याच संघाला त्याने पुढच्याच वर्षी बाद फेरीपर्यंत नेलं होतं. अमेरिकन फुटबॉलचा प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी याच्या पद्धतींनी तो भारावलेला होता. कोण किती पकडी करतो, किती चुकवतो याची नोंद ठेवायची, व्यायामाची शिस्त लावायची, खेळाडूंना चित्रफिती दाखवायच्या, या गोष्टी त्याने सिडनीत रुजवल्या. त्याच्यामुळे बीटसनच्या तब्येतीला शिस्त लागली. पण गिबसनने केलेली मोठी गोष्ट वेगळी होती. ज्याला लोक अर्ध्या सामन्याचा खेळाडू म्हणत होते त्याच्या हाती त्याने संघाचं कप्तानपद दिलं. फॉरवर्डने ऑफलोड करू नये असं म्हणणाऱ्यांच्या जमान्यात संघाची सगळी चढाई त्याने बीटसनच्या हातांभोवती बांधली. मैदानाच्या मधोमध बीटसन धडकणार, हात सुटणार, आणि मागून कोण कुठून येणार हे सगळ्यांनी डोक्यात ठेवायचं.

१९७४ चा अंतिम सामना ईस्ट्सने कँटरबरीविरुद्ध १९–४ असा जिंकला. १९४५ नंतरचं हे त्यांचं पहिलं विजेतेपद, म्हणजे बीटसनच्या वयाएवढं अंतर. १९७५ मध्ये तर या संघाने सलग १९ सामने जिंकले. त्या वर्षीचा अंतिम सामना सिडनी क्रिकेट ग्राउंडवर सेंट जॉर्जशी झाला. सेंट जॉर्जचा कप्तान ग्रेम लँगलँड्स पांढरे बूट घालून उतरला होता. दुखऱ्या जांघेसाठी घेतलेल्या सुईने त्याचा पाय बधिर झाला होता आणि त्याचे हाल सगळ्या मैदानाने पाहिले. मध्यंतराला ईस्ट्सकडे फक्त ५–० अशी आघाडी होती. मग बांध फुटला. सामना संपला तेव्हा फलकावर ३८–० होते. अंतिम सामन्यातला एवढा मोठा फरक त्यानंतर २००८ पर्यंत कुणाला गाठता आला नाही. लँगलँड्ससारख्या मोठ्या खेळाडूच्या वाट्याला आलेल्या त्या दिवसाबद्दल वाईट वाटतं. पण त्या दुसऱ्या अर्ध्यात ईस्ट्सने जे खेळून दाखवलं तो त्या दशकातला सर्वोत्तम रग्बी लीग होता, असं माझं मत आहे.

आता कप्तानपदाचा तो टप्पा. १९७३ च्या युरोप दौऱ्यात बीटसनने ऑस्ट्रेलियाचं नेतृत्व केलं. कोणत्याही खेळात ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाचा कप्तान झालेला तो पहिला आदिवासी. काळाचं भान ठेवून हे पाहायला हवं. १९६७ मध्ये सार्वमत झालं, त्यात ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला आणि मगच देशाच्या जनगणनेत आदिवासींची गणना पूर्णपणे होऊ लागली. बीटसन त्याआधीच देशाकडून खेळत होता. म्हणजे देशाची जर्सी अंगावर होती, आणि देशाच्या लोकसंख्येच्या आकड्यात त्याच्या आईच्या माणसांना जागा नव्हती.

क्रिकेटच्या चाहत्या मराठी वाचकाला यातलं अंतर चटकन कळेल. इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेला ऑस्ट्रेलियाचा पहिला क्रीडासंघ १८६८ चा, आणि तो आदिवासी क्रिकेटपटूंचा होता. जॉनी मुलाघ हा त्यांच्यातला हिरा. तरी पुरुषांच्या कसोटी संघात आदिवासी वंशाचा म्हणून ओळखला गेलेला पहिला खेळाडू, जेसन गिलेस्पी, यायला १९९६ उजाडलं. रग्बी लीगमध्येही भेदभाव नव्हता असं कुणी म्हणू नये. पण गोदीतल्या, खाणीतल्या माणसांच्या या खेळात संघनिवडीच्या टेबलावर कुळापेक्षा खांदा मोजला जाण्याची शक्यता जास्त होती. सिडनीतल्या आदिवासींनी १९७१ मध्ये स्वतःची बाद पद्धतीची स्पर्धा सुरू केली. गावोगावचे संघ येणारी ती स्पर्धा आजही मोठ्या जत्रेसारखी भरते. १९७७ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना सिडनीत झाला, ऑस्ट्रेलियाने ग्रेट ब्रिटनला १३–१२ असं एका गुणाने हरवलं, आणि त्या दिवशीही संघाचा कप्तान बीटसन होता.

या सगळ्या वर्षांत एक विसंगती राहून गेली होती. ज्या क्वीन्सलंडमध्ये तो जन्मला, जिथे खेळ शिकला, त्या राज्याकडून तो एकदाही खेळला नव्हता. राज्यांच्या सामन्यांत खेळाडू कुठे राहतो आणि कुठल्या क्लबकडून खेळतो हे पाहिलं जायचं. सिडनीला गेलेला क्वीन्सलंडर न्यू साउथ वेल्सचा होऊन जायचा. बीटसन अनेकदा न्यू साउथ वेल्सच्या आकाशी जर्सीत आपल्याच राज्याविरुद्ध उतरला. क्वीन्सलंडने मालिका जिंकली होती ती १९५९ मध्ये. त्यानंतर वीस वर्षं तेच चित्र: दक्षिणेने आधी माणसं विकत घ्यायची आणि मग त्याच माणसांकडून उत्तरेला झोडपायचं. हळूहळू प्रेक्षकांनीही पाठ फिरवली.

क्वीन्सलंडच्या संघटनेचा अध्यक्ष रॉन मॅकॉलिफ हा मजूर पक्षाचा सिनेटरही होता. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये १९७७ मध्ये खेळाडूंना जन्मराज्याकडून खेळवण्याचा प्रयोग झाला आणि गाजला. मॅकॉलिफने तोच आग्रह धरला: खेळाडू जिथे पहिल्यांदा घडला, त्या राज्याकडून त्याने एकदा तरी उतरावं. सिडनीत याची टिंगल झाली. एकाच क्लबात वर्षभर खांद्याला खांदा लावून खेळणारे साथीदार एका रात्रीसाठी एकमेकांना जीव तोडून भिडतील, हे तिथे कुणाला खरं वाटत नव्हतं. १९८० च्या मालिकेतले पहिले दोन सामने जुन्या पद्धतीने झाले. पहिल्यात क्वीन्सलंड ३५–३ असा हरला. दुसरा सिडनीच्या लीखार्ट ओव्हलवर झाला, तिथे दोन हजारही प्रेक्षक नव्हते. मालिका गेलीच होती, म्हणून तिसरा सामना प्रयोगाला देण्यात आला.

बीटसन तेव्हा ३५ वर्षांचा होता आणि पॅरामाटा क्लबच्या राखीव संघात खेळत होता. फॉरवर्डचं शरीर त्या वयाला झिजलेलं असतं. मॅकॉलिफने त्यालाच कप्तान केलं.

८ जुलै १९८०, मंगळवारची रात्र, ब्रिस्बेनचं लँग पार्क. हे मैदान जुन्या दफनभूमीच्या जागेवर उभं आहे आणि जवळच्या बिअरच्या भट्टीचा वास तिथे वाऱ्यावर येतो. त्या रात्री ३३ हजारांहून अधिक लोक आले. क्वीन्सलंडच्या मरून जर्सीतला बीटसन संघापुढे बोगद्यातून बाहेर आला तेव्हा उठलेल्या आरोळीबद्दल मैदानावर असलेली माणसं पुढे अनेक वर्षं बोलत राहिली. त्याच्या मागे वीस वर्षांचा वॉली लुईस होता. त्याच्या मागे मॅल मेनिंगा, त्या दिवशी बरोबर वीस वर्षांचा झालेला. केरी बूस्टेड आणि रॉड रेडी सिडनीहून घरच्या जर्सीत परतले होते.

सामना पहिल्या मिनिटापासून तापला. पॅरामाटातला बीटसनचाच साथीदार मिक क्रोनिन न्यू साउथ वेल्सकडून खेळत होता. एका पकडीत बीटसनचा हात क्रोनिनच्या चेहऱ्यावर बसला. पुढे सांगणाऱ्यांनी त्याला इतकं मीठमसाला लावलं की तो ठोसा होता, धडाकेबाज बुक्का होता, असं काहीही ऐकायला मिळतं. पण मैदानावरच्या लोकांना त्यातून हवं ते उत्तर मिळालं होतं. आजच्या रात्री क्लब बाजूला होता. बूस्टेडने आणि ख्रिस क्लोजने ट्राय केले, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला. तेव्हा ट्रायला तीनच गुण असत. मेनिंगाने मारलेल्या सातही किक दांड्यांमधून गेल्या. क्वीन्सलंड २०, न्यू साउथ वेल्स १०. सामन्याचा उत्कृष्ट खेळाडू क्लोज ठरला. पण या एका सामन्याने स्टेट ऑफ ओरिजिन नावाचं जे पर्व सुरू केलं, जे आजही दरवर्षी दोन राज्यांना घराघरांत विभागून ठेवतं, त्याच्या अग्रभागी कुणाची आकृती आहे याबद्दल क्वीन्सलंडमध्ये दुमत नाही.

दोन वर्षांनी सगळी मालिकाच जन्मराज्याच्या नियमाने खेळली जाऊ लागली. १९८२, १९८३ आणि १९८४ या तिन्ही मालिका क्वीन्सलंडने जिंकल्या. कप्तान लुईस, प्रशिक्षक बीटसन. २००३ मध्ये त्याला ऑस्ट्रेलियन रग्बी लीगच्या ‘इमॉर्टल्स’ या सर्वोच्च पंक्तीत सातवा म्हणून स्थान मिळालं. २००८ मध्ये निवडलेल्या शतकातल्या संघात प्रॉपच्या जागी त्याचं नाव होतं. १ डिसेंबर २०११ रोजी गोल्ड कोस्टला सायकल चालवत असताना हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय ६६. लँग पार्कबाहेर आता त्याचा पुतळा आहे. आदिवासी खेळाडूंच्या संघाच्या वार्षिक सामन्यातला चषकही त्याच्याच नावाचा.

मला मात्र १९८१ चं वर्ष जास्त आठवतं. सिडनीत त्याचे दिवस संपले होते. तो रेडक्लिफला परतला, सतरा वर्षांपूर्वी रोमाहून आलेला पोरगा जिथे पहिल्यांदा उतरला होता त्याच समुद्रकाठच्या क्लबात. मोठ्या पैशाचा सिडनीचा क्लब नाही, राष्ट्रीय जर्सी नाही. तरी तो खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दोन्ही कामं करत राहिला आणि त्याने रेडक्लिफला ब्रिस्बेनच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. छत्तिसाव्या वर्षीही तो धडकत होता, आणि मिठीतून हात बाहेर येत होता. त्या अंतिम सामन्यात रेडक्लिफ हरला.